योनाचे चाळीस दिवस आणि यिर्मयाचा दस्तावेज



डिसेंबर लागला की आमच्या मराठी चर्चमध्ये आगमनकाळ सुरू होतो. नाताळाआधीचे चार रविवार. बाहेर कंदील, चांदण्या, केकची जाहिरात असं सगळं आनंदाचं वातावरण असतं आणि आत उपासनेत मात्र यशया, मीखा, यिर्मया, आमोस यांचे उतारे वाचले जातात. त्यांत शहरं ओस पडतात, राजे पकडले जातात, देव आपल्याच लोकांवर रागावतो. नवीन पाहुणा आला तर तो हळूच विचारतो, ‘सण आनंदाचा आणि वाचन असं कसं?’

याच सुमारास फोनवरचे निरोपही वाढतात. कुठे भूकंप झाला, कुठे युद्ध पेटलं, की लगेच ‘बायबलमध्ये हे आधीच लिहून ठेवलंय, शेवटचा काळ आला, दहा जणांना पाठवा.’ गेल्या अंकानंतर आपल्या मंडळातल्या दोन मुलांनी मला जवळपास एकच प्रश्न विचारला. एक ख्रिस्ती घरातला, दुसरा नाही. ‘दादा, त्या पुस्तकात खरंच तारीख दिलीय का? आणि नसेल, तर ते लोक एवढं घाबरवतात कशाला?’

प्रश्न चांगला आहे, म्हणून या महिन्याचं सदर त्यावरच. मी पाळक नाही, धर्मशास्त्र शिकलेलो नाही. बी. ई. झालेला, पांडेसऱ्यात वाढलेला, दिवसभर कोड लिहिणारा माणूस आहे. पण हे उतारे लहानपणापासून ऐकत आलोय आणि गेली काही वर्षं नीट बसून वाचतोय. जे ख्रिस्ती नाहीत त्यांनीही वाचायला हरकत नाही. कारण यातला बराचसा भाग वजनकाटा, घरभाडं, जमीन आणि परगावी राहणं याबद्दल आहे, आणि हे विषय आपल्या सगळ्यांचे आहेत.

आधी शब्द नीट समजून घेऊ

आमच्या आजीच्या पिढीत ‘भविष्यवादी’ हा शब्द होता. यशया भविष्यवादी, आमोस भविष्यवादी. आता चर्चमध्ये वाचतात त्या मराठी बायबलात ‘संदेष्टा’ असा शब्द आहे. मला हा दुसरा शब्द जास्त बरोबर वाटतो. ‘भविष्य’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वर्तमानपत्रातलं राशिभविष्य येतं. कन्या राशीला धनलाभ, तूळ राशीला प्रवास. त्यात आपण काही करायचं नसतं, फक्त वाट बघायची असते.

मूळ हिब्रूत शब्द आहे ‘नबी’. उर्दूत आपण ऐकतो तोच. ज्याला बोलावून घेतलं आणि बोलायला पाठवलं तो नबी. म्हणजे निरोप्या. आता निरोप्याच्या निरोपात पुढच्या काळाचं काही असू शकतं, पण त्याचं मुख्य काम आज ऐकणाऱ्याला आजचं काही सांगणं हे असतं. जुन्या करारातल्या संदेष्ट्यांची पुस्तकं वाचून पाहा. त्यांतला बहुतेक मजकूर त्यांच्याच काळातल्या राजांना, पुजाऱ्यांना, व्यापाऱ्यांना आणि सामान्य लोकांना उद्देशून आहे. पुढे काय होईल हे ते सांगतात ते ‘तुम्ही असेच वागत राहिलात तर’ या अटीवर.

चाळीस दिवस संपले आणि काहीच झालं नाही

ही अट समजायला सगळ्यात सोपं पुस्तक म्हणजे योना. अवघे चार अध्याय. माशाच्या पोटात गेलेला योना सगळ्यांना माहीत असतो, पण मासा हा गोष्टीचा लहानसा भाग आहे. देव योनाला निनवे शहरात जायला सांगतो. निनवे म्हणजे अश्शूरचं मोठं शहर, योनाच्या लोकांचा कट्टर शत्रू. योना उलट्या दिशेच्या जहाजात बसतो. वादळ, मासा वगैरे होऊन शेवटी तो निनवेला पोचतो आणि त्याचं प्रवचन मूळ हिब्रूत फक्त पाच शब्दांचं आहे. अर्थ असा की आणखी चाळीस दिवस, मग निनवे उलथून जाणार.

यात ‘जर-तर’ काहीच नाही. तारीखसुद्धा दिली आहे. तरीही शहर ऐकतं. राजा सिंहासनावरून उठून राखेत बसतो. लोक आपला दुष्टपणा आणि हातातली जुलूम-जबरदस्ती सोडतात. आणि चाळीस दिवसांनी काहीही होत नाही. शहर जागेवर असतं.

योना चिडतो. भविष्य खोटं पडलं ना! शहराबाहेर जाऊन फुगून बसतो. देव त्याला म्हणतो त्याचा मथितार्थ असा की ज्या शहरात उजवा-डावा हात न कळणारी एक लाख वीस हजार माणसं आहेत, शिवाय कितीतरी गुरंढोरं आहेत, त्या शहराची मला कीव येऊ नये का? पुस्तक तिथेच, प्रश्नावर संपतं. योनाने काय उत्तर दिलं ते लिहिलेलं नाही.

गंमत म्हणजे ‘उलथून जाणार’ यासाठी जे हिब्रू क्रियापद आहे, त्याचा अर्थ ‘पालटून जाणार’ असाही होतो. त्या अर्थाने पाहिलं तर निरोप खराच झाला. शहर पालटलं.

यिर्मयाच्या अठराव्या अध्यायात हाच नियम उघडपणे सांगितला आहे. कुंभाराच्या चाकावरची माती बिघडली तर तो तिचंच दुसरं भांडं करतो. तसंच एखाद्या राष्ट्राचा नाश जाहीर केला आणि ते वाईटापासून फिरलं, तर नाश टळतो. भलं जाहीर केलं आणि ते वाईट वागू लागलं, तर भलंही टळतं. आम्हा प्रोग्रामरांच्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक भविष्यवाणीच्या आत एक ‘इफ’ दडलेला असतो.

माझ्या धंद्यातलं एक उदाहरण देतो. 1999 मध्ये जगभर एकच ओरड होती, वायटूके. जुन्या प्रणालींमध्ये वर्षाचे फक्त शेवटचे दोन आकडे साठवले जात. 2000 साल लागलं की संगणकाला ते 1900 वाटेल, बँकांचं व्याज चुकेल, वीज जाईल, विमानं अडतील. 31 डिसेंबरची रात्र गेली आणि फार काही झालं नाही. लोक म्हणाले, उगाच घाबरवलं. पण काही झालं नाही याचं कारण हजारो लोकांनी कित्येक महिने बसून लाखो ओळी तपासल्या आणि दुरुस्त केल्या. त्या कामात आपल्या देशातले इंजिनिअर मोठ्या संख्येने होते. इशारा खरा होता, आणि तो ऐकला गेला म्हणून संकट टळलं. योनाचं पुस्तक मी वाचतो तेव्हा मला हेच आठवतं.

न्याय कोणाचा होतो?

आता न्यायाकडे येऊ. ‘देवाचा न्याय’ म्हटलं की आपण बहुतेक वेळा दुसऱ्याचा विचार करतो. त्या धर्माच्या लोकांचा, त्या देशाचा, शेजारच्या बिल्डिंगमधल्या माणसाचा. आमोस या सवयीवरच बोट ठेवतो.

आमोस तकोवा गावचा मेंढपाळ, उंबराच्या जातीच्या झाडांची निगा राखणारा. काळ ख्रिस्तपूर्व आठव्या शतकाचा. उत्तरेकडच्या इस्राएल राज्यात भरभराट होती. तिथे जाऊन हा खेडूत बोलायला उभा राहतो. सुरुवात दिमिष्कापासून करतो, त्यांनी काय क्रूरपणा केला ते सांगतो. मग गाझा, सोर, अदोम, अम्मोन, मवाब. एकेक शेजारी घेतो. ऐकणारे खूश झाले असणार. सातवा नंबर यहूदाचा, म्हणजे भाऊबंदांचा. आणि आठवा नंबर ऐकणाऱ्यांचा स्वतःचा, आणि त्यांच्यावरचं आरोपपत्र सगळ्यात लांब.

त्या आरोपपत्रात काय आहे? गरिबाला एका जोडी वहाणांच्या किमतीत विकलं. सण कधी संपतो आणि दुकान कधी उघडतो याची व्यापाऱ्यांना घाई. माप लहान, वजन जड, काटा खोटा, आणि धान्यात भुसा मिसळून विक्री. वेशीपाशी न्याय मागायला आलेल्या माणसाला ढकलून देणं. आणि या सगळ्याबरोबर भजनं, अर्पणं, सणवार जोरात. देव म्हणतो, ती भजनं मला ऐकवू नका.

पांडेसऱ्यात राहणाऱ्याला हे परकं वाटत नाही. आपल्या जीआयडीसीतल्या डाइंग-प्रिंटिंग मिलांत आपलेच खानदेशी, ओडिया, उत्तर भारतीय लोक बारा-बारा तासांची पाळी करतात. मीटरचा भाव, कापलेला रोज, हिशेबात राहून गेलेला ओव्हरटाइम या गोष्टी आपल्या घरांत बोलल्या जातात. आता आपल्यातले काही जण दुसऱ्या बाजूलाही गेले आहेत. कोणाचं स्वतःचं युनिट आहे, कोणी ठेकेदार आहे, कोणी चार खोल्या भाड्याने देतो. आमोस वाचताना आपण नेहमी गरिबाच्या जागी उभं राहतो. कधीतरी काट्यामागे उभं राहून तो वाचावा.

आमोसाला एक दर्शन होतं, भिंतीला लावलेल्या ओळंब्याचं. गवंडी भिंत सरळ आहे का ते पाहायला दोरीला वजन बांधून सोडतो, तो ओळंबा. भिंत वाकडी असेल तर ओळंबा तिला शिव्या देत नाही. तो नुसता सरळ लोंबकळतो आणि वाकडेपणा सगळ्यांना दिसतो. बायबलमधला न्याय मला याच चित्रातून सगळ्यात चांगला समजला. आधी माप लागतं, मग निकाल.

आपल्या शहरात याचं एक आजचं रूप आहे. 2019 पासून सुरतेतल्या सुमारे तीनशे मोठ्या कारखान्यांच्या चिमण्यांवर धुरातले कण सतत मोजणारी यंत्रं आहेत आणि त्या मोजमापावर आधारलेली उत्सर्जन खरेदी-विक्रीची योजना इथे सुरू झाली. कण-प्रदूषणासाठीची अशी ती जगातली पहिली योजना मानली जाते. एकूण किती धूर सोडायचा याला मर्यादा, आणि जास्त सोडणाऱ्याला त्याचे पैसे मोजावे लागतात. अभ्यासकांनी तपासलं तेव्हा त्या कारखान्यांचा धूर खरोखर कमी झालेला दिसला. चिमणीवरचा ओळंबाच म्हणा ना. माप लावलं म्हणून कोणाचा नाश झाला नाही. सुधारायची वाट मात्र दिसली.

संकट आलं की ‘पाप’ शोधणं

इथे एक धोका आहे, आणि त्याबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे. संदेष्टे संकटाचा संबंध वागण्याशी जोडतात हे वाचून काही लोक प्रत्येक संकटात मेलेल्यांचं पाप शोधू लागतात.

सप्टेंबर 1994 मध्ये सुरतेत प्लेग आला तेव्हा मी खूप लहान होतो. घरी ऐकलेलं एवढंच की मिळेल त्या गाडीने लोक निघाले. ताप्ती लाइनच्या गाड्या नंदुरबार-अमळनेरकडे भरभरून जात होत्या. शहर सोडून गेलेल्यांची संख्या लाखांत होती. मृत्यू झाले ते पन्नासच्या आसपास, आणि त्यांत गरीब वस्त्यांतली माणसं जास्त. ‘देवाचा कोप’ हा शब्द तेव्हा सगळ्याच धर्मांच्या तोंडी होता. ऑगस्ट 2006 मध्ये उकाई धरणातून प्रचंड पाणी सोडलं गेलं आणि तापीने शहराचा मोठा भाग बुडवला, तेव्हाही तो शब्द परत आला.

येशूला हाच प्रश्न विचारण्याची वेळ आली होती. लूकच्या तेराव्या अध्यायात तो स्वतःच एका अपघाताची आठवण काढतो. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा जण मेले. ते यरुशलेमातल्या इतर सगळ्यांपेक्षा जास्त पापी होते का? त्याचं उत्तर स्पष्ट ‘नाही’ असं आहे. आणि लगेच तो ऐकणाऱ्यांकडे वळून सांगतो की तुम्ही मात्र पश्चात्ताप करा. म्हणजे मेलेल्यांवर बोट दाखवायचं नाही, जिवंत असलेल्यांनी स्वतःकडे बघायचं.

6 जानेवारी 2022 ची पहाट आठवा. आपल्या शेजारच्या सचिन जीआयडीसीत टँकरमधून नाल्यात रासायनिक घाण बेकायदा सोडली जात होती. विषारी वायू पसरला आणि जवळच्या मिलमधले सहा कामगार मेले. त्या सहांचं पाप काय होतं? आमोस आज असता तर त्याने हा प्रश्न विचारलाच नसता. टँकर कुठून निघाला, तो नेहमी कोणत्या रस्त्याने येत होता, ठरलेल्या जागी घाण नेण्याचे पैसे कोणाला वाचवायचे होते, आणि बघून न बघितल्यासारखं कोण करत होतं, हे त्याने विचारलं असतं. संदेष्ट्याचा न्याय असा वरच्या दिशेने चढत जातो. ज्या निरोपाच्या ओझ्याखाली आधीच चिरडलेला माणूस आणखी चिरडला जातो, तो निरोप बायबलमधून आलेला आहे असं कोणी म्हणालं तरी जरा थांबून तपासावं.

प्लेगच्या पुढची गोष्टही तितकीच महत्त्वाची. 1995 मध्ये एस. आर. राव महापालिका आयुक्त म्हणून आले. कचरा रोज उचलला जाऊ लागला, अधिकारी सकाळी फिल्डवर दिसू लागले, गटारं आणि वस्त्या यांवर काम झालं. दीड-दोन वर्षांत सुरत देशातल्या सगळ्यात स्वच्छ शहरांत मोजली जाऊ लागली. निनवेच्या राजाप्रमाणे कोणी राखेत बसलं नाही, पण झाडू मात्र घेतला. इशारा ऐकून पालटलेलं शहर पाहायला आपल्याला लांब जायला नको.

स्वस्त आशा आणि महाग आशा

न्यायाबद्दल इतकं बोलल्यावर आशेबद्दल बोललंच पाहिजे, कारण खोटी आशाही असते. बायबलमध्ये ‘खोटा संदेष्टा’ म्हणजे बहुतेक वेळा घाबरवणारा नसतो, गोड बोलणारा असतो.

बाबेलच्या नबुखद्नेस्सर राजाने ख्रिस्तपूर्व 597 मध्ये यरुशलेममधून अनेक लोकांना कैद करून नेलं. मागे राहिलेल्यांत हनन्या नावाचा एक संदेष्टा होता. त्याने मंदिरात सगळ्यांसमोर जाहीर केलं, दोन वर्षांत सगळे परत येतील. लोकांना हेच ऐकायचं होतं. यिर्मया तिथे मानेवर लाकडी जू घालून उभा होता, दास्याची खूण म्हणून. हनन्याने ते जू काढून मोडून टाकलं. यिर्मया आधी म्हणाला, आमेन, तसंच होवो. त्यालाही तेच हवं होतं. पण निरोप तसा नव्हता. दोन नाही, सत्तर वर्षं लागणार होती. म्हणजे ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या हयातीत परतणं नाही.

मग यिर्मया बाबेलमधल्या लोकांना पत्र लिहितो, एकोणतिसाव्या अध्यायात. त्याचा सारांश मी आपल्या मंडळाच्या भिंतीवर लावावा असा आहे. घरं बांधा आणि त्यांत राहा. बागा लावा आणि त्यांची फळं खा. लग्नं करा, मुलं होऊ द्या. आणि ज्या शहरात तुम्हाला नेलं आहे त्या शहराचं भलं चिंता, त्याच्यासाठी प्रार्थना करा, कारण त्याच्या भल्यातच तुमचं भलं आहे.

आपले आजोबा-वडील धुळे, जळगाव, नंदुरबारहून इथे आले ते कैदी म्हणून नाही, पोटासाठी आले. तरी ‘चार वर्षं काम करू आणि गावी परत जाऊ’ हे वाक्य किती घरांत चाळीस वर्षं चाललं! त्या वाक्यामुळे कित्येकांनी इथे धड घर केलं नाही, इथल्या शाळेत-सोसायटीत-वॉर्डात लक्ष घातलं नाही. आपली पिढी इथेच जन्मली. आपण घरी अहिराणी-मराठी बोलतो, रस्त्यावर गुजराती, ऑफिसात हिंदी-इंग्रजी. यिर्मयाचं पत्र आपल्याला विचारतं की ज्या शहराचं पाणी पितो, त्याच्या खाडीचं, हवेचं, शाळांचं भलं आपण चिंततो का? आशा म्हणजे बॅग भरून बसणं, असं यिर्मयाने कधीच शिकवलं नाही.

आणि आता माझा सगळ्यात आवडता उतारा, बत्तिसावा अध्याय. ख्रिस्तपूर्व 587 च्या आसपास. यरुशलेमला बाबेलच्या सैन्याने वेढा घातलेला आहे. शहर पडणार हे यिर्मयाने सांगितलं म्हणून त्याला राजाने पहारेकऱ्यांच्या चौकात कोंडून ठेवलं आहे. तशात त्याचा चुलतभाऊ हनमेल येतो आणि म्हणतो, अनाथोथ गावचं माझं शेत विकत घे. गाव आहे शत्रूच्या ताब्यात गेलेल्या पट्ट्यात. आज कोणी सांगितलं की लढाई चाललेल्या गावात प्लॉट घे, तर आपण काय म्हणू?

यिर्मया शेत घेतो. सतरा शेकेल रुपं तोलून देतो. साक्षीदार बोलावतो. दस्तावेजाच्या दोन प्रती होतात, एक मोहोरबंद आणि एक उघडी. त्या तो आपला लेखनिक बारूख याच्याकडे देतो आणि सांगतो, मातीच्या मडक्यात ठेव, म्हणजे पुष्कळ दिवस टिकतील. कारण या देशात पुन्हा घरं, शेतं, द्राक्षमळे विकत घेतले जातील.

सुरतेत ‘दस्तावेज’ शब्दाची किंमत सगळ्यांना कळते. पैसे देऊन, सही करून, साक्षीदारांसमोर केलेली गोष्ट. यिर्मयाने नुसतं ‘सगळं ठीक होईल’ असं म्हटलं नाही. त्याच अध्यायात तो शहर जळणार असंही सांगतो. जळणार आहे, आणि तरी मी इथे शेत घेतोय. न्याय आणि आशा एकाच पानावर. व्यवहार झाल्यावर तो एकांतात देवाला विचारतोसुद्धा की शहर तर गेल्यात जमा आहे आणि तू मला शेत घ्यायला लावतोस. म्हणजे आशा ठेवणाऱ्यालाही प्रश्न पडतात.

शहर पडलं. पुढे यिर्मयाला लोकांनी मिसरात नेलं. त्या शेतात त्याने कधी नांगर धरला असं कुठे लिहिलेलं नाही. पण एज्राच्या दुसऱ्या अध्यायात बाबेलहून परतलेल्यांची एक कंटाळवाणी यादी आहे. नुसती गावं आणि आकडे. त्यात एक नोंद आहे, अनाथोथचे लोक, 128. ती यादी मी पूर्वी डोळे फिरवून सोडून द्यायचो. आता त्या आकड्यापाशी थांबतो.

आपल्या मराठीत हे कोणी जगलं?

हे सगळं लांबच्या देशातलं, जुन्या काळातलं, असं वाटत असेल तर पंडिता रमाबाईंकडे बघा. त्यांचे आईवडील आणि बहीण दुष्काळातल्या हालअपेष्टांत गेले. पुढे 1897 मध्ये पुण्यात प्लेगच्या वेळी सरकारी इस्पितळात बायकांची जी अवस्था होत होती तिच्याबद्दल त्यांनी वर्तमानपत्रात उघड लिहिलं. त्या स्वतः ख्रिस्ती होत्या आणि सरकारही ख्रिस्ती म्हणवणारं. तरी त्यांनी ओळंबा लावला. आमोसासारखं, आपल्याच माणसांना.

आणि दस्तावेजही केला. दुष्काळातून उचललेल्या मुली-बायकांसाठी दौंडजवळ केडगावला त्यांनी मुक्ती सदन उभं केलं. 1899-1900 चा तो भयंकर दुष्काळ, ज्याला गुजरातेत आजही ‘छप्पनियो’ म्हणतात, त्या वेळी गुजरातेतल्या मुलीही केडगावला नेल्या गेल्या. मराठी संस्थेने गुजरातच्या लेकरांना दिलेला तो आसरा आपल्याला इथे माहीत असायला हवा. त्या मुलींना लिहायला-वाचायला, विणायला, छापखाना चालवायला शिकवलं गेलं. रमाबाई स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि खेड्यातल्या बाईला समजेल अशा मराठीत त्यांनी सबंध बायबलचं भाषांतर केलं. ते मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्याच मुलींच्या हातांनी छापलं गेलं. 5 एप्रिल 1922 ला रमाबाई गेल्या. ग्रंथ बाहेर आला 1924 मध्ये. छापून पूर्ण झालेला तो त्यांनी पाहिला नाही. अनाथोथचं शेत आठवलं ना?

मग तारखांचं काय?

शेवटी त्या दोन मुलांच्या प्रश्नाकडे. तारीख दिलेली नाही. येशूने तर स्वच्छ सांगितलं आहे की तो दिवस आणि ती घटका कोणालाही माहीत नाही, पुत्रालासुद्धा नाही. तरीही लोकांनी हिशेब मांडले. अमेरिकेत विल्यम मिलरच्या अनुयायांनी 22 ऑक्टोबर 1844 ही तारीख धरली होती, काहींनी पिकंही शेतात सोडून दिली. हॅरल्ड कॅम्पिंग नावाच्या रेडिओ प्रवचनकाराने 21 मे 2011 सांगितली. दोन्ही दिवस इतर दिवसांसारखे उगवले आणि मावळले. त्रास झाला तो विश्वास ठेवणाऱ्या साध्या माणसांना.

नासरेथच्या सभास्थानात येशू यशयाचं पुस्तक उघडतो, हा प्रसंग लूकने लिहिला आहे. दीनांना सुवार्ता, बंदिवानांना सुटका, आंधळ्यांना दृष्टी, देवाच्या कृपेचं वर्ष, इथपर्यंत तो वाचतो आणि पुस्तक गुंडाळून खाली बसतो. यशयात त्याच ओळीत पुढे सूड घेण्याच्या दिवसाचा उल्लेख आहे. त्याच्या आधी तो थांबला. त्यावर विद्वानांनी खूप लिहिलं आहे. मला त्यातून घ्यायचं ते एवढंच, की कृपेच्या वर्षाचं काम आजच्या यादीत आहे आणि सूडाची तारीख आपल्या हातात दिलेली नाही.

म्हणून यापुढे ‘भविष्यवाणी’चा निरोप फोनवर आला तर पाठवण्याआधी तीन गोष्टी बघा. यात बोट फक्त दुसऱ्याकडे आहे की माझ्याकडेही? यातून आधीच दुखावलेल्या माणसाला धीर मिळतो की मार? आणि वाचून झाल्यावर मला आज करण्यासारखं काही उरतं का, की नुसती भीती? तिन्हींत निरोप नापास झाला तर तो तिथेच थांबवा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी पाठवला असेल तर त्यांची चेष्टा करू नका. त्यांच्या शेजारी बसून योनाचे चार अध्याय मोठ्याने वाचा. वीस मिनिटंही लागत नाहीत, आणि शेवटच्या प्रश्नावर छान गप्पा होतात.

ज्यांना आणखी वाचायचं आहे त्यांनी आगमनकाळात आमोसाचे नऊ अध्याय आणि यिर्मयाचे एकोणतीस व बत्तीस हे दोन अध्याय वाचावेत. मंडळाच्या वाचनालयात मराठी बायबलची एक प्रत आहे. ख्रिस्ती नसलेल्यांनीही जरूर न्यावी, फक्त वेळेवर परत करावी.

नाताळाच्या सगळ्यांना आगाऊ शुभेच्छा. फराळाला या. आमच्याकडे करंज्या नाताळालाही होतात.